डॉ. जब्बार पटेलांचे सिनेमे: आधी कुठला बघू, कसा बघू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही नेरूळला आमच्या घरी महिन्यातनं एका शनिवारी सिनेमा लावतो. दहाबारा जण येतात, कधी पंधरा होतात, मग पोरं खाली सतरंजीवर. गेल्या वर्षी सलग सात महिने फक्त डॉ. जब्बार पटेलांचे सिनेमे लावले आणि तेव्हापासून मला तेच ते प्रश्न येतायत, लिफ्टमध्ये, भाजी घेताना, व्हॉट्सॲपवर रात्री अकरा वाजता. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देताना काहीतरी राहूनच जातं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

जब्बार पटेलच का? मराठीत बाकी दिग्दर्शक नाहीत का?

आहेत ना, भरपूर आहेत, आणि त्यांचेही सिनेमे लावूच. पण मला विचाराल तर एका माणसाने एवढ्या वेगवेगळ्या जगांत शिरून तिथलाच होऊन सिनेमा काढलाय असं उदाहरण फार कमी. बघा ना, १९७५ ला सामना, साखरपट्ट्यातलं गाव. १९७७ ला जैत रे जैत, डोंगरातले ठाकर. १९७९ ला सिंहासन, मंत्रालय आणि मुंबई. १९८२ ला उंबरठा, घर सोडून नोकरीला निघालेली बाई. मग १९९२ ला एक होता विदूषक, तमाशाचा फड. २००० साली बाबासाहेब आंबेडकर, तोही इंग्रजीत. यातले कुठलेही दोन सिनेमे शेजारी ठेवले तर एकाच माणसाचे वाटत नाहीत.

आता अष्टपैलू म्हटलं की लोकांना वाटतं एक कॉमेडी केली, एक थ्रिलर केला, एक रडवणारा केला. मला ते तसं वाटत नाही. या माणसाचा कान फार तयार आहे. गावचा पाटील कसा बोलतो, ठाकर कसा बोलतो, मंत्र्याचा पीए फोनवर कसा बोलतो, नवरा बायकोला गोड बोलून कसा अडवतो, हे सगळं त्यांनी आधी ऐकलंय आणि मग कॅमेरा लावलाय. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, हे सिनेमे कानाने बघा. खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच्याभोवतीच आहे.

ते खरंच डॉक्टर आहेत की मानाची पदवी?

खरेखुरे. पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे, लहान मुलांचे डॉक्टर. जन्म पंढरपूरचा, १९४२ चा, बालपण सोलापूरला. माझं माहेर सोलापूर जिल्ह्यातलं, त्यामुळे हे सांगताना मला जरा जास्तच आनंद होतो. नंतर दौंडला प्रॅक्टिस केली. आणि गंमत बघा, सामनामध्ये मास्तर झालेले डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, मारुती कांबळे झालेले डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ आणि दिग्दर्शक बालरोगतज्ज्ञ! एका सिनेमात तीन डॉक्टर.

सिनेमाच्या आधी ते नाटकवाले. विजय तेंडुलकरांचं घाशीराम कोतवाल १९७२ ला त्यांनीच बसवलं. तो माणसांचा पडदा, ती गाणी, ते नाच, हे ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीय की संगीत त्यांच्याकडे तोंडी लावायला नसतं, जेवणच ते असतं. नंतर पुलंचं तीन पैशाचा तमाशाही त्यांनीच केलं. सिनेमातल्या गाण्यांची मुळं इथे आहेत.

मला एकच बघायला वेळ आहे. कुठला बघू?

सामना.

कारण लांबण लावायला जागा नाही, गोष्ट सरळ आहे आणि दोन नट एकमेकांसमोर असे उभे आहेत की मोबाईल हातात घ्यायचं सुचत नाही. पण एक बघून थांबलात तर माझ्याशी बोलू नका, हे प्रेमाने सांगतेय.

सामना पन्नास वर्षांपूर्वीचा, ब्लॅक अँड व्हाइट. आजच्या माणसाला कळतो का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, विशेषतः तिशीच्या आतल्या मुलांकडून. तर ऐका.

गोष्ट अशी आहे. हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले, साखर कारखाना त्यांचा, गाव त्यांचं, पोलीस त्यांच्या शब्दात. त्या गावात एक दारुडा मास्तर येऊन पडतो, एकेकाळचा स्वातंत्र्यसैनिक, आता कुठलाच नाही राहिलेला. हिंदुराव त्याला आसरा देतात, खायला देतात, प्यायला देतात. आणि या मास्तरला गावात एक नाव ऐकू येतं, मारुती कांबळे. मग तो विचारत सुटतो, मारुती कांबळेचं काय झालं? ज्याला विचारेल तो गप्प. बस्स, एवढाच सिनेमा. पण ते एक वाक्य महाराष्ट्राच्या बोलण्यात गेलं, आजही एखादं प्रकरण दाबलं गेलं की लोक म्हणतात, मारुती कांबळेचं काय झालं.

आमच्याकडे एक तात्या येतात, कोपरखैरण्याला राहतात, आयुष्यभर तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटला माथाडी म्हणून काम केलं, गाव सातारा जिल्ह्यात. सिनेमा चालू असताना ते कधी बोलत नाहीत. सामनाच्या दिवशी मध्येच म्हणाले, "ताई, आवाज ऐकला का? पाटील ओरडत न्हाई." आणि खरंच, तुम्ही नीट लक्ष द्या, निळू फुलेंचा हिंदुराव आवाज चढवत नाही बहुतेक वेळा. "मास्तर" असं म्हणताना केवढं अगत्य, आणि त्या अगत्यातच धाक. तात्या नंतर चहा पिताना सांगत होते की त्यांच्या लहानपणी ज्यांची भीती वाटायची ती माणसं असंच हळू बोलायची, ओरडायचं काम खालच्या माणसांचं. मी हा सिनेमा चारपाच वेळा बघितला होता, पण हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

उलट बाजूला लागूंचा मास्तर. दारूने जड झालेली जीभ, पण वाक्य शुद्ध, मास्तरकीचं. त्या माणसाकडे काहीच उरलं नाहीये, फक्त भाषा उरलीय. तीच तो वापरतो.

पटकथा तेंडुलकरांची, निर्माते कवी रामदास फुटाणे, संगीत भास्कर चंदावरकर. बर्लिनच्या महोत्सवात १९७५ ला स्पर्धेत होता हा सिनेमा. "कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे" हे आरती प्रभूंचं गाणं यातलंच. आणि "सख्या रे, घायाळ मी हरिणी" पण यातलंच, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, ते गाणं वेगळं ऐकलेलं असतं.

ब्लॅक अँड व्हाइटची सवय पाच मिनिटांत होते, त्याची काळजी नको.

जैत रे जैत मधला डोंगर म्हणजे आपला कर्नाळा हे खरं का?

हो, आपलाच, पनवेलच्या पुढे. गोनीदांच्या कादंबरीवरचा सिनेमा, गोष्ट कर्नाळ्याच्या पायथ्याच्या ठाकरवाडीची. डोंगराला ते लिंगोबाचा डोंगर म्हणतात. पळस्प्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागलात की तो अंगठ्यासारखा सुळका दिसायला लागतो ना, तोच.

मी नवी मुंबईत राहायला आले तेव्हा मला वाटायचं की हे सगळं नवीन, सिडकोने आखलेलं, सेक्टर आणि प्लॉट नंबर, इथे गोष्टी कुठे असणार. आणि मग कोणीतरी सांगितलं की जैत रे जैत इथलाय. त्या दिवसापासून तो सुळका मी नुसता डोंगर म्हणून बघूच शकलेले नाही.

गोष्ट नाग्याची. मोहन आगाशे. बाप भगत, म्हणजे निळू फुले, कालचा साखरसम्राट आज लंगोटी नेसून ढोल घेऊन बसलाय. नाग्याला पुण्यवंत व्हायचंय. डोंगरावरच्या मोहोळाची राणीमाशी त्याला डसते, त्याचा एक डोळा जातो, आणि मग तो तिच्यावर सूड घ्यायचं ठरवतो. चिंधी म्हणजे स्मिता पाटील. नवरा बेवडा, त्याला सोडून आलेली, जीव नाग्यावर. शेवट सांगत नाही.

सामनानंतर दोनच वर्षांनी हा आला हे मला अजून पटत नाही. तिकडे सगळं बंद खोल्यांतलं, दबलेलं, इकडे रंग, पाऊस, ढोल, नाच. डझनभराहून जास्त गाणी आहेत आणि ती मध्येमध्ये पेरलेली नाहीत, गोष्टच गाण्यांनी पुढे सरकते. ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, निर्मिती उषा मंगेशकरांची. नभ उतरू आलं, मी रात टाकली, जांभुळ पिकल्या झाडाखाली, ही सगळी या एका सिनेमातली. महानोर मराठवाड्याच्या रानातले आणि हे ठाकर रायगडातले, तरी शब्द परके वाटत नाहीत.

माझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे स्मिता पाटीलचं चालणं. ती डोंगरावर चढते तेव्हा पाय टाकायच्या आधी खाली बघत नाही. एवढंसं आहे ते, पण डोंगरातल्या बायका अशाच चालतात. पावसाळ्यात पनवेलच्या बाजारात रानभाज्या विकायला ज्या आदिवासी बायका बसतात त्या पाटी डोक्यावर घेऊन उठतात तेव्हा त्यांची मान बघा, आणि मग हा सिनेमा परत लावा.

सिनेमा बघून कर्नाळ्याला जायचंय. काय लक्षात ठेवू?

आम्ही गेलो होतो सात जण. पनवेलहून साधारण बारा किलोमीटर, पेणकडे जाणारी एसटी मिळते, अभयारण्याच्या गेटपाशी उतरता येतं. वर किल्ल्यापर्यंत चढ आहे, सकाळी लवकर निघा आणि पाणी भरपूर घ्या. आणि एक गोष्ट फार महत्त्वाची, सुळक्याला आजही मधमाश्यांची मोहोळं असतात. वर आरडाओरडा नको, धूर नको, उग्र सेंट मारून जाऊ नका. आमच्यातल्या एका काकांनी वर पोचल्यावर ब्लूटूथ स्पीकरवर "आम्ही ठाकर ठाकर" लावायला काढलं, आम्ही अक्षरशः हाताने स्पीकर दाबला. खाली येऊन गेटपाशी ऐका हवं तेवढं.

सिंहासनमध्ये पात्रं फार आहेत, मी वीस मिनिटांत हरवलो. काय करू?

हरवा. थोडा वेळ हरवायचंच आहे त्यात. मंत्रालयात नवीन माणूस शिरला की हरवतोच.

तरी मदत म्हणून तीन माणसं धरून ठेवा. मुख्यमंत्री जिवाजीराव म्हणजे अरुण सरनाईक. त्यांची खुर्ची ओढायला निघालेले अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे म्हणजे श्रीराम लागू. आणि हे सगळं बघणारा पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले. बाकी सगळे या तिघांच्या मध्ये कुठेतरी आहेत. कामगार पुढारी डिकास्टा केलाय सतीश दुभाषींनी, आणि एका छोट्या गुंडाच्या कामात तरुण नाना पाटेकर दिसतील, एकदम बारीक.

अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, मुंबई दिनांक आणि सिंहासन, एकत्र करून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. दोन जाड कादंबऱ्यांतली माणसं एका सिनेमात बसवलीत, म्हणून गर्दी वाटते.

मी स्वतः बेलापूरला सरकारी ऑफिसात काम करते, त्यामुळे मला या सिनेमात जे ऐकू येतं ते सांगते. फोन. कोण फोन उचलतं, कोण किती वेळ धरून ठेवतं, "साहेब मीटिंगमध्ये आहेत" हे किती प्रकारे म्हणता येतं. मोठ्या माणसासमोर मराठी, त्याची पाठ वळली की वेगळी मराठी, आणि घाबरल्यावर मध्येच इंग्रजी. हे कानावर पडायला लागलं की पात्रांची नावं पाठ नसली तरी कोण कोणाच्या वर आहे ते बरोबर कळतं. आमच्याकडे येणारे एक रिटायर्ड साहेब सिनेमा संपल्यावर पाच मिनिटं खुर्चीतनं उठलेच नाहीत, मग म्हणाले की चाळीस वर्षांत फक्त टेलिफोन बदलला.

निळू फुलेंवर इथे जरा थांबावंसं वाटतं. पाटील, भगत, पत्रकार, तीन सिनेमे, चार वर्षं, एकच माणूस. बाकीच्या कित्येक सिनेमांनी त्यांना नुसता वाईट नजरेचा पाटील करून टाकलं, आणि इथे तेच फुले शर्टपँट घालून एका कोपऱ्यात सिगारेट ओढत बसलेत, सगळं समजतंय आणि हातात काहीच नाही. शेवटी त्यांचं जे होतं ते बघायला तरी हा सिनेमा शेवटपर्यंत बघा. "उषःकाल होता होता काळरात्र झाली" हे सुरेश भटांचं गाणं यात आहे, आशाबाईंनी गायलेलं. ते मोर्च्यांत इतक्या वेळा म्हटलं गेलंय की मूळ कुठलं हेच लोक विसरले.

उंबरठा खूप दुःखी आहे का? आईबरोबर बघू का?

आईबरोबरच बघा.

दुःखी आहे, पण रडवायला केलेला नाही. सुलभा महाजन, स्मिता पाटील. चांगलं घर, वकील नवरा, मुलगी, सासू स्वतः समाजसेवा करणारी. कोणी तिला मारत नाही, कोणी हुंडा मागत नाही. तिला फक्त शिकलेल्या गोष्टीचं काम करायचंय. संगमवाडीच्या महिला सुधारगृहात अधीक्षक म्हणून नोकरी मिळते आणि ती घर सोडून तिकडे जाते. सुधारगृहात काय काय चालतं, कमिटीतले लोक कसे वागतात, आत आणलेल्या बायकांचं काय होतं, हे पुढे. शांता निसळ यांच्या बेघर या कादंबरीवरचा सिनेमा, पटकथा पुन्हा तेंडुलकर. हिंदीत सुबह नावाने पण केला.

नवरा म्हणजे गिरीश कर्नाड, आपल्या माथेरानला जन्मलेले. या नवऱ्याचा राग येत नाही लवकर, हेच अवघड आहे. तो सगळं समजुतीने बोलतो. इतकं समजुतीने की ऐकणाऱ्याला वाटावं हिचंच चुकतंय. आमच्या घरी हा भाग चालू असताना खोलीत फार विचित्र शांतता झाली होती, पुरुष सगळे पडद्याकडे बघत होते, बायका एकमेकींकडे.

तात्यांच्या बायको, मालनवहिनी म्हणू आपण, त्या दिवशी पहिल्यांदाच आल्या होत्या. अर्ध्यात घरून फोन आला, नातवाला क्लासवरून आणायचंय. त्या उठल्या, पिशवी घेतली, दारात जाऊन एक चप्पल घातली, आणि दुसरी घालायची तशीच राहिली. एक पाय चपलेत, एक फरशीवर, दाराच्या चौकटीला हात धरून वीस मिनिटं उभ्या होत्या, सुधारगृहातल्या बायकांचा तो सगळा भाग बघत. मी खूण केली बसा म्हणून, त्यांनी मान हलवली नाही. मग परत फोन वाजला आणि गेल्या.

"सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या" यातलं आहे. लग्नात, ऑर्केस्ट्रात, रिक्षात सगळीकडे ऐकलेलं. सिनेमात बघा, मग लग्नात नाही ऐकवणार तुम्हाला.

एक होता विदूषक? म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेंची कॉमेडी?

नाही, आणि हाच त्या सिनेमाचा घात झाला. १९९२ ला लोक लक्ष्मीकांत म्हणून हसायला गेले आणि समोर वेगळंच निघालं, त्यामुळे हवी तशी गर्दी झाली नाही. माझ्या मते बेर्डेंचं सगळ्यात मोठं काम हे.

आबुराव, तमाशातला सोंगाड्या. फडातनं सिनेमात जातो, सिनेमातनं राजकारणाच्या स्टेजवर. जसजसा मोठा होतो तसतसं त्याचं हसवणं दुसऱ्यांच्या कामाला लागतं. लेखन पु. ल. देशपांडे यांचं, कितीतरी वर्षांनी त्यांनी सिनेमासाठी लिहिलं होतं. गाणी महानोरांची, संगीत आनंद मोडक यांचं. मधु कांबीकर, वर्षा उसगावकर, दिलीप प्रभावळकर, आगाशे, फुले, सगळे आहेत. नृत्यदिग्दर्शनासाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तमाशातल्या एका बाईला तो मिळाला याचं मला फार वाटतं.

"भरलं आभाळ पावसाळी पाहुणा गं" ऐका, आणि मग लगेच "मी गाताना गीत तुला लडिवाळा" ऐका. एक फडातलं, एक अंगाई. याच दोन्हींच्या मध्ये आबुराव अडकलाय. बेर्डेंचा चेहरा क्लोजअपमध्ये हसताहसता थांबतो असं दोनतीनदा आहे. तेव्हा ते काहीच करत नाहीत, आणि तेच बघायचं.

गती जरा संथ आहे, मान्य. मधला सिनेमासृष्टीचा भाग मला थोडा ओढलेला वाटतो. चहाची सुट्टी तिथे घ्या.

बाबासाहेबांच्या भूमिकेत मामुट्टी? मराठी नट का नाही?

पहिल्यांदा माझ्याही मनात आलं होतं. बघितल्यावर राहिलं नाही. सिनेमा मूळ इंग्रजीत आहे आणि मामुट्टींनी आवाज, चालणं, चष्म्यामागचे डोळे, तरुणपणापासून शेवटच्या थकलेल्या काळापर्यंत असं काही धरलंय की केरळचा सुपरस्टार समोर आहे हे विसरायला होतं. त्यांना यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, सिनेमालाही मिळाला, नितीन देसाईंना कलादिग्दर्शनासाठी मिळाला. रमाबाई म्हणजे सोनाली कुलकर्णी, गांधीजी म्हणजे मोहन गोखले.

लांब आहे, तीन तासांच्या आसपास. कोलंबिया, लंडन, महाड, काळाराम, पुणे करार, नागपूर, एवढं आयुष्य बसवायचं म्हणजे काही ठिकाणी धावावं लागलंय. पण चवदार तळ्याचा भाग धावत नाही. आमच्याकडे तो चालू असताना कोणीतरी उठून पंखा बंद केला, आवाज नीट यावा म्हणून, मे महिना होता तरी.

ज्यांना जमेल त्यांनी इंग्रजीतच बघा. बाबासाहेबांचं इंग्रजी हे त्या काळात एक हत्यार होतं, समोरचा साहेब असो की पुढारी, त्या भाषेत ते त्याच्या बरोबरीने उभे राहायचे. डबिंगमध्ये ती धार कमी होते.

मुक्ता आणि यशवंतराव चव्हाण बघावेत का?

मुक्ता, १९९४, जरूर बघा. सोनाली कुलकर्णी अमेरिकेतनं आलेली मुलगी, अविनाश नारकर दलित कार्यकर्ता, जात आणि प्रेम आणि घराणं. काही ठिकाणी भाषण होतं, पण विषयाला ज्या थेटपणे हात घातलाय तो आजही फार कोणी घालत नाही. राष्ट्रीय एकात्मतेचा पुरस्कार मिळाला होता. यशवंतरावांवरचा २०१४ चा, तो राजकारणात रस असेल तर. कुमार गंधर्वांवरचा माहितीपट हंस अकेला मात्र गाणं आवडणाऱ्या कुणीही सोडू नये.

हे सगळं तेंडुलकरांचं श्रेय नाही का? पटकथा तर त्यांच्याच.

सामना, सिंहासन, उंबरठा तेंडुलकरांचे, आणि ते नसते तर हे सिनेमे असे झाले नसते, यात वादच नाही. पण जैत रे जैत गोनीदा आणि महानोरांचा, विदूषक पुलंचा. तेंडुलकर, गोनीदा, पुलं, अरुण साधू, सुरेश भट, महानोर, आरती प्रभू, ही माणसं एकमेकांसारखी लिहितात का? अजिबात नाही. तरी प्रत्येकाचं लिहिणं पडद्यावर त्याचंच राहिलंय, पुलंचं तेंडुलकरी झालं नाही आणि तेंडुलकरांचं गोड झालं नाही. दिग्दर्शकाने स्वतःचा आवाज वर चढवला नाही म्हणून ते जमलं. मला तरी हे फार मोठं काम वाटतं.

मुलांना दाखवू का?

जैत रे जैत दहाबारा वर्षांच्या पुढे चालेल, गाण्यांवर नाचतात पोरं, पण दारू आहे, माश्यांचा भाग भीतीदायक आहे, शेजारी बसा. सामना आणि आंबेडकर आठवीनंतर, आणि नंतर बोला त्यांच्याशी. उंबरठा कॉलेजच्या वयात. सिंहासन मुलं स्वतः मागतील तेव्हा, जबरदस्ती केलीत तर झोपतील.

कुठल्या क्रमाने बघू?

वर्षांच्या क्रमाने. आम्ही तसंच केलं आणि सुदैवाने तेच बरोबर निघालं, कारण सामनामधला पाटील डोक्यात असताना तोच माणूस भगत म्हणून समोर आला की तुम्ही सरळ बसता. फक्त सिंहासन आणि उंबरठा एकाच आठवड्यात नको, दोन्ही जड आहेत.

प्रिंट कशी बघू? आवाज खरखर करतो.

चित्र थोडं खराब असलं तरी चालवून घ्या, आवाज खराब असेल तर बघू नका, दुसरी प्रत शोधा. आमच्या पहिल्या शनिवारी टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर सामना लावला, लागूंची अर्धी वाक्यं पंख्यात गेली, मागच्या रांगेतले दर दोन मिनिटांनी "काय म्हणाला?" तेव्हापासून दोन साधे स्पीकर जोडतो, एक पुढे, एक सतरंजीच्या मागे. कुकर लावायचा नाही. खालच्या रस्त्यावरच्या बाजूच्या खिडक्या बंद. हेडफोन लावून एकट्याने बघणार असाल तर उत्तमच, जैत रे जैत मधले ढोल हेडफोनवर छातीत वाजतात.

पुढच्या शनिवारी काय आहे?

उंबरठा, परत. मालनवहिनींनी सांगितलंय की त्यांना अर्ध्यापासून नको, पहिल्यापासून बघायचाय. क्लास संध्याकाळी असतो, म्हणून या वेळी दुपारी दोनला सुरू करतोय. जेवून या.